बाबांचा मेंढीकोट आणि भावाची रमी: दोन्ही फोनवर, पण दोन्ही एक नव्हेत

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका गावातून एका ताईंनी विचारलं आहे. त्यांचे बाबा ७१ वर्षांचे, निवृत्त प्राथमिक शिक्षक. तीस वर्षं देवळाच्या कट्ट्यावर रोज मेंढीकोट खेळले. आता कट्टा मोडला आणि बाबा रात्री बारा-बारापर्यंत फोनवर पत्ते खेळतात, म्हणून आई चिडते. धाकटा भाऊ बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत आहे. तो फोनवर पैशांची रमी खेळायचा. ‘आता सगळं बंद झालंय’ म्हणतो, पण पैसे मागायचं थांबलेलं नाही. ताईंचे प्रश्न दोन: हे दोघांचं एकच व्यसन आहे का? आणि दोघांचे फोन काढून घ्यावेत का?

ताई, सरळ सांगते. दोघांच्या हातात पत्ते आहेत एवढंच सारखं. बाबांना माणसं हवी आहेत आणि भावाला उपचार हवे आहेत. दोघांचे फोन एकाच दिवशी काढून घेतलेत तर बाबा आणखी एकटे पडतील आणि भाऊ मित्राचा फोन मागून घेईल. म्हणून आधी थोडं मागचं सांगते, मग एकेकाकडे येते.

मी बेळगावात व्यसनमुक्तीचं समुपदेशन करते, बावीस वर्षं झाली. सुरुवातीला माझ्याकडे दारू, गुटखा आणि मटका यायचा. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा स्वस्त झाला. त्याच वर्षी यूपीआयही सुरू झालं. त्यानंतर दोन-तीन वर्षांत माझ्यासमोर बसणारी माणसं बदलली. दारूचा वास नाही, हात थरथरत नाहीत, कपडे इस्त्रीचे, आणि घरात मात्र सोनं उरलेलं नाही. अशा घरांत आई-वडील एक वाक्य हमखास म्हणतात: ‘पत्ते तर आम्हीपण खेळायचो की, आमचं काय बिघडलं?’ या वाक्याचं उत्तर शोधताना मला माझ्या वडिलांची बैठक आठवते.

माझे वडील बेळगावातल्या शहापूरचे विणकर. माग बंद असला की घरासमोरच्या पडवीत पोत्यावर तीनशे चारचा डाव पडायचा. ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी: सत्तीपासून एक्क्यापर्यंत बत्तीस पानं, चार गडी, समोरासमोरचे भिडू. गुलामाला ३०, नश्शीला २०, एक्क्याला ११, दश्शीला १०, राजाला ३, राणीला २. एका रंगाचे ७६, चार रंगांचे मिळून ३०४. गुलाम राजाच्या दहापट मोठा असलेला हा खेळ विणकरांच्या गल्लीत एवढा का रुजला असेल, याचा मी लहानपणी फार विचार करायची. मुलगी म्हणून मला त्या पोत्यावर जागा नव्हती. मी चहा नेऊन द्यायची आणि वडिलांच्या पाठीशी उभी राहून त्यांची पानं बघायची. बेरीज मी शाळेत नाही, तिथं शिकले.

वडिलांचे भिडू आमच्या गल्लीतले किराणा दुकानदार, कन्नड बोलणारे. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. वडील म्हणायचे ‘पान टाका’, मामा म्हणायचे ‘एले हाकरी’. कन्नडमध्ये एले म्हणजेही पानच, झाडाचं आणि पत्त्याचंही. दोन्ही भाषांनी पत्त्याला पानच म्हणावं ही गोष्ट मला अजून सुंदर वाटते. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात शहर तापलं होतं, तेव्हा काही दिवस पोतं उलगडलं नाही. मग एका संध्याकाळी मामा स्वतःच पत्त्यांचा जोड घेऊन आले. कुणी काही बोललं नाही. वडिलांनी पानं पिसली, मामांनी काटली.

त्या बैठकीत लगाम किती होते ते आता, या कामात पडल्यावर कळतं. पहिला लगाम वेळेचा. पिसणं, काटणं, वाटणं, बोली लावणं, मधेच ‘तू रंग लपवलास’ म्हणून भांडणं, हे सगळं धरून एक डाव पंधरा-वीस मिनिटांचा. उजेड गेला की पानं दिसत नसत आणि खेळ मोडे. दुसरा लगाम पैशाचा. हरणाऱ्या जोडीनं चहा सांगायचा, एवढीच पैज. तिसरा लगाम सगळ्यांत मोठा, तो म्हणजे बघणाऱ्यांचे डोळे. कोण हरतोय, कोण आज जेवून आला नाही, कुणाच्या हाताला कंप सुटलाय, हे बाकीच्या तिघांना दिसायचं.

एकदा त्यातले एकजण तीन दिवस चहाची पाळी टाळत राहिले. पहिल्या दिवशी ‘सुट्टे नाहीत’, दुसऱ्या दिवशी ‘उद्या डबल देतो’, तिसऱ्या दिवशी आलेच नाहीत. चौथ्या दिवशी वडील आणि मामा त्यांच्या घरी गेले. ते गृहस्थ शहरातल्या एका क्लबात तीन पत्ती खेळायला लागले होते आणि बायकोच्या पाटल्या गहाण होत्या. पुढचे सहा महिने या तिघांनी त्यांना संध्याकाळी एकटं सोडलं नाही. रोज घरी जाऊन बोलावून आणायचे. आज मी ज्याला उपचार म्हणते त्याचा अर्धा भाग या लोकांनी पोत्यावर बसून केला होता.

तेव्हा ‘पत्ते आम्हीपण खेळायचो’ हे खरंच आहे. पण पत्त्यांबरोबर हे तिघे असायचे. फोनमध्ये बावन्न पानं जशीच्या तशी गेली आणि तिघे बाहेर राहिले.

कट्टा का मोडला, हे तुमच्या बाबांना विचारा. ते बहुतेक खेळांच्या नावांतच सांगतील. माझ्याकडे येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडून मी हीच गोष्ट किती वेळा ऐकली आहे. चौघे होते तोवर मेंढीकोट: तेरा-तेरा पानं, चारी दश्श्या एकाच जोडीकडे गेल्या की कोट. एकजण मुलाकडे पुण्याला गेला किंवा देवाघरी गेला, तिघे उरले, मग पाच-तीन-दोन: तीस पानं, दहा-दहा वाटायची. तिसऱ्याचे गुडघे गेले, दोघे उरले, मग सात-आठ: पुन्हा तीसच पानं, पंधरा-पंधरा. आणि मग एक दिवस दुसराही येईनासा होतो. पत्त्यांचा जोड कोनाड्यात जातो आणि फोन हातात येतो.

आपल्या भागात कोरोनानं हे फार झपाट्यानं केलं. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली, पार ओस पडले. सीमाभागात तर नात्यांच्याही मधे नाका आला. निपाणीजवळच्या कोगनोळी नाक्यावर महाराष्ट्रातून येणाऱ्या गाड्या अडवल्या जायच्या, पुढच्या वर्षी आरटीपीसीआरचा कागद मागायचे. गडहिंग्लजची लेक संकेश्वरच्या आईला भेटू शकत नव्हती. ही गावं आमच्या हिशेबी एकच, सकाळी जाऊन जेवायला परत यावं इतकी जवळची. त्या दिवसांत फोनवरच्या लुडोनं आणि पत्त्यांनी लोकांना खरोखर आधार दिला. व्हिडिओ कॉल लावायचा, फोन भिंतीला टेकवायचा आणि दोन घरांनी मिळून खेळायचं. ऑनलाइन खेळाला सरसकट वाईट म्हणणाऱ्यांशी मी म्हणूनच सहमत नाही.

आणखी एक कारण आहे. कट्ट्यावर बायकांना कधी जागा नव्हती. देवळाच्या पारावर, वाचनालयाच्या ओसरीवर, गणपतीच्या मांडवात जागरणाला पत्ते खेळले जायचे ते पुरुषांचेच. बायकांना घरात बदाम सात, तेही मुलांना गुंतवायला. आज वडगावातली एक मावशी दुपारी भांडी आवरून इचलकरंजीच्या बहिणीबरोबर फोनवर खेळते. दोघी स्पीकर चालू ठेवतात, खेळता खेळता सुनांचं बोलतात, भाकरीचं बोलतात, रडतातसुद्धा. खेळ हे निमित्त आहे. ती मावशी माझ्याकडे कधी पेशंट म्हणून येणार नाही, याची मला खात्री आहे, कारण पलीकडे कोण आहे हे तिला ठाऊक आहे.

हीच पट्टी मी बाकीच्या ऑनलाइन जगण्यालाही लावते. गल्लीचा व्हॉट्सॲप ग्रुप पाणी कधी सोडणार ते सांगतो, मंडळाची वर्गणी सांगतो, लग्नाची पत्रिका त्यावरच येते, भिशीचा हिशेबही त्यावरच. सोय मोठी आहे. पण पूर्वी मयताची बातमी सांगायला एक माणूस दारोदार फिरायचा आणि दारात आलेल्याला ‘येतो’ म्हणावं लागायचं. आता एकशेवीस जण ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहितात आणि खांदा द्यायला चार माणसं शोधावी लागतात. ग्रुपवर कोण काय बोललं ते दिसतं, कोण गप्प झालं ते दिसत नाही. कट्ट्यावर मात्र न आलेला माणूस दुपारपर्यंत सगळ्यांच्या लक्षात यायचा.

जाता जाता एक छोटी गोष्ट, उपयोगी आहे म्हणून सांगते. आपल्याकडची बरीच नातवंडं इंग्रजी किंवा कन्नड माध्यमात शिकतात आणि मराठी रोमन अक्षरांत लिहितात. आजोबांना ते वाचता येत नाही, मग आजोबा ग्रुपवर नुसते अंगठे दाखवतात. अशा घरांत मी आवाजी निरोप पाठवायला सांगते. नातीचा ‘आज्जो, जेवलास काय?’ हा आवाज आजोबा दिवसातून चार वेळा ऐकतात.

आता तुमचा भाऊ. आधी त्याच्याबद्दल, कारण तिथं घाई आहे.

त्याच वयाचा, तसंच काम करणारा एक मुलगा माझ्याकडे आला होता. मी त्याला बँकेचं स्टेटमेंट काढून आणायला सांगितलं आणि आम्ही दोघांनी एका रात्रीचं पान मोठ्यानं वाचलं. ११:४२ ला २०० रुपये गेले. ११:४६ ला २००. ११:५१ ला ५००. १२:०४ ला ५००. १२:२० ला १,१५० आले. १२:२१ ला १,००० गेले. पहाटे ३:१० पर्यंत असंच. मी विचारलं, त्या रात्रीचं काय आठवतं? म्हणाला, ‘साडेअकराशे आलेले आठवतात, मॅडम.’ बाकीच्या नोंदी त्याच्या डोक्यातच नव्हत्या. त्या एका मिनिटाकडे बघा: जिंकलेले पैसे हाताला लागायच्या आत परत टेबलावर गेले.

फोनवरची पॉइंट रमी, म्हणजे एकाच डावात निकाल लागणारी, दोन-तीन मिनिटांत संपते आणि पुढचं टेबल लगेच तयार असतं. पिसायला वेळ नाही, भांडायला भिडू नाही, उजेड जात नाही. पैसा नोटेच्या रूपात दिसत नाही, नुसता आकडा हलतो. दोन पानांनी हुकलेला डाव ‘जवळजवळ जिंकलेला’ वाटतो. आणि आज हरलेले उद्या भरून काढायचे, हा विचार एकदा घुसला की माणूस खेळासाठी खेळत नाही, नुकसान भरण्यासाठी खेळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत जुगाराचा विकार आहेच. २०२२ पासून लागू झालेल्या यादीत डिजिटल खेळांचा विकारही आहे. दोन्हींची खूण एकच: ताबा सुटणं, बाकी सगळ्या कामांपेक्षा खेळ वर जाणं, आणि नुकसान दिसत असूनही चालू ठेवणं. तुमच्या भावाची ही परीक्षा त्याच्या बोलण्यावरून करू नका, स्टेटमेंटवरून करा.

तो ‘बंद झालंय’ म्हणतो, त्यात अर्धं खरं आहे. कायद्याची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण घरोघरी याबाबत गोंधळ आहे. १९६७ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, पडलेली पानं लक्षात ठेवावी लागतात, तीन पत्तीसारखा तो निव्वळ नशिबाचा नाही. या निकालाच्या आधारावर पुढं ऑनलाइन रमीच्या कंपन्या उभ्या राहिल्या. कर्नाटक सरकारनं ५ ऑक्टोबर २०२१ पासून पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, ती हायकोर्टानं १४ फेब्रुवारी २०२२ ला रद्द केली. त्या चार महिन्यांत कर्नाटकातून ॲप उघडत नव्हतं. माझ्याकडचा एक मुलगा तेव्हा रोज कामावरून सुटल्यावर दुचाकीनं वेंगुर्ला रस्त्यानं शिनोळीला जायचा, हद्द ओलांडून चंदगड तालुक्यात, आणि तिथं रस्त्याकडेला गाडीवर बसून खेळायचा. पावसातसुद्धा. सीमेवर राहणाऱ्याला एका राज्याची बंदी किती पुरते, हे मला त्यानं शिकवलं.

पुढं एप्रिल २०२३ पासून निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के टीडीएस आणि ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी आला, तरी खेळणारे थांबले नाहीत. मग ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं कायदा केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. त्यात कौशल्य की नशीब हा वादच ठेवलेला नाही. पैसे लावून जिंकायची आशा दाखवणारा कुठलाही ऑनलाइन खेळ चालवणं गुन्हा, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाखांपर्यंत. मोठ्या कंपन्यांनी त्यानंतर पैशांची टेबलं बंद केली. खेळणाऱ्याला मात्र या कायद्यात शिक्षा नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण पोलिसांच्या भीतीनं घरचे लोक गप्प बसतात.

तेव्हा भाऊ अजून पैसे मागत असेल तर दोन शक्यता. एक, जुनी देणी अंगावर आहेत: मित्रांची, पतपेढीची, लोन ॲपची. दोन, तो एखाद्या परदेशी साइटवर किंवा ‘आयडी’ देणाऱ्या एजंटाकडे गेला आहे. ही माणसं व्हॉट्सॲपवर किंवा टेलिग्रामवर भेटतात, कुणाच्या तरी खात्यावर पैसे भरायला लावतात आणि जिंकलेले पैसे मागितले की नंबर बंद करतात. अशी फसवणूक झाली असेल तर सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या नंबरवर लगेच तक्रार करा. पहिल्या काही तासांत पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त असते.

घरात काय करायचं ते सांगते. त्याला रात्री, सगळ्यांसमोर, ओरडून विचारू नका. सकाळी, कामाला जाण्याआधी नव्हे, सुट्टीच्या दिवशी, घरातल्या ज्या माणसाला तो सगळ्यांत कमी घाबरतो त्यानं बसावं. वही घ्यावी आणि देण्यांची यादी त्याच्याच अक्षरात लिहून घ्यावी. पहिली यादी नेहमी अपुरी असते. आठ दिवसांनी पुन्हा बसा, आकडा वाढेल, तेव्हा चिडू नका, कारण तो वाढलेला आकडा म्हणजे त्यानं तुमच्यावर ठेवलेला विश्वास आहे. शेत किंवा सोनं विकून सगळं कर्ज एका दमात फेडायची चूक मी अनेक घरांत पाहिली आहे. अंगावरचा भार उतरला की पुन्हा खेळायला हात मोकळा होतो. देणं फेडायचं ते हप्त्यानं, आणि थेट ज्याचं त्याला, त्याच्या हातात रोख न देता. पगाराचं खातं काही महिने घरातल्या दुसऱ्या माणसाच्या नजरेखाली असावं, यूपीआयची रोजची मर्यादा बँकेतून कमी करून घ्यावी. हे सगळं त्याच्या संमतीनं. जबरदस्तीनं केलंत तर तो दुसरं खातं काढेल.

आणि उपचार. मानसोपचारतज्ज्ञ बेळगावातही आहेत, धारवाडला सरकारी मानसिक आरोग्य संस्था आहे, बेंगळूरच्या निम्हान्समध्ये २०१४ पासून मोबाईल आणि इंटरनेटच्या अतिवापरासाठी ‘शट’ नावाचं वेगळं क्लिनिक चालतं. घरातून उठून जाणं आज जमत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ नंबर लावा, फुकट आहे, चोवीस तास आहे, भाषा निवडता येते. एक गोष्ट मात्र आजच लक्षात ठेवा. ‘मी नसलो तर तुमचे प्रश्न सुटतील’ अशा अर्थाचं तो कधी बोलला, हसत हसत जरी बोलला, तरी त्याला त्या रात्री एकटं झोपू देऊ नका. त्याच वेळी फोन लावा किंवा दवाखान्यात न्या. कर्जात बुडालेल्या मुलांचं हे बोलणं मी कधीही सहज घेत नाही.

आता बाबा. त्यांच्याबद्दल मला फार काळजी वाटत नाही, पण फार वाईट वाटतं.

एका संध्याकाळी त्यांच्या शेजारी बसा आणि खेळ दाखवायला सांगा. दोन गोष्टी बघा. ॲपला त्यांचं यूपीआय किंवा कार्ड जोडलेलं आहे का, आणि चिप्स किंवा नाणी विकत घेतली गेली आहेत का. काही फुकट खेळांत नाणी संपली की विकत घ्यायचा मोह घालतात. परत पैसे मिळत नाहीत, नुसते जातात. पेमेंट जोडलेलं असेल तर काढून टाका. नसेल तर बाबांचा मेंढीकोट निर्धोक आहे, फक्त डोळे आणि झोप यांचा प्रश्न आहे. बारा वाजेपर्यंत ते का जागतात? खेळात रंगले म्हणून की झोप येत नाही म्हणून? दुसरं असेल तर डॉक्टरांना दाखवा, फोनला दोष देऊ नका.

मग हळूच विचारा, समोर कोण खेळतंय, बाबा? फुकटच्या ॲपवर पुरेशी माणसं नसली की मशीन खेळतं, नावं मात्र माणसांची दिसतात. तुमच्यासारख्याच एका घरातले निवृत्त क्लार्क मला म्हणाले होते, ‘त्यो पुण्याचा पोरगा बरा खेळतोय, पण कधी बोलत नाही.’ तो पोरगा नव्हताच. मी त्यांना ते सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. तीस वर्षं ज्यांनी भिडूच्या भुवईवरून हातातली दश्शी ओळखली, ते दीड वर्ष एका मशीनच्या उत्तराची वाट बघत होते. बाबांना हे सांगाल तेव्हा मायेनं सांगा.

कट्ट्यावरचे कोण कोण उरलेत याची यादी करा. पुण्याला किंवा गोव्याला मुलाकडे गेलेले असतील तर त्यांचे नंबर शोधा. बऱ्याच ॲपमध्ये खासगी टेबल करता येतं, एक कोड पाठवायचा आणि ओळखीचे चौघेच बसायचे. सोबत फोनवर कॉल चालू ठेवायचा, कारण बोलणं हेच त्यांना हवं आहे. आठवड्यातून दोन दिवस, ठरलेली वेळ. ज्यांच्या घरी मी हे करून दिलं तिथं रात्रीचा फोन आपोआप कमी झाला.

आणि घरात खरे पत्ते आणा. पानं पिसायला, तेरा पानांचा पंखा हातात धरायला, वाटायला म्हाताऱ्या बोटांना कष्ट पडतात, ते पडू द्या. तुम्ही बसा, मुलगी बसेल. मेंढीकोटला चौथा लागतो. भाऊ बसला तर उत्तमच, एका रुपयाचीही पैज नको, चहासुद्धा नको.

भाऊ नाहीच बसला तर आईंना विचारा. त्या चिडतात असं तुम्ही लिहिलंय. त्यांना पत्ते येतात का, हे कुणी विचारलंय काय? टाळेबंदीत आमच्या घरी मी, माझे यजमान आणि मुलगा असे तिघे तीनशे चार खेळायला बसलो होतो आणि चौथं कुणी नव्हतं. वडील जाऊन सहा वर्षं झाली होती. आई ६८ वर्षांची, शेंगा फोडत बसलेली. मी म्हटलं, नुसती पानं धर, मी सांगते काय टाकायचं. तिनं सूप बाजूला ठेवलं, हात पदराला पुसले, पहिली चार पानं उचलून लावली आणि माझ्याकडे न बघता बोली केली, ‘दोनशे.’ हुकूम लपवून ठेवला, गुलाम शेवटपर्यंत दाबला आणि डाव काढला. मी विचारलं, तुला कधी शिकवलं आप्पांनी? म्हणाली, ‘मला कोण शिकवणार. दारातनं बघत होते की चाळीस वर्षं.’